आबांना मुंबई दाखवायला आणलं

आमच्या गावाहून, कापड्याहून, निघाले तेव्हा मी रडले नव्हते. रडायला वेळच मिळाला नाही. पोलादपूरला जाणारी सकाळची एस.टी. वळणावर येऊन हॉर्न वाजवायला लागली, आई मागनं डब्याची पिशवी घेऊन धावत आली, आबांनी माझी बॅग खिडकीतून आत ढकलली आणि ती नेमकी एका कोंबडीवाल्या बाईच्या मांडीवर पडली. तिनं मला जी लाखोली वाहिली ती पोलादपूर येईपर्यंत काही थांबली नाही. निरोपाबिरोपाचं सगळं राहूनच गेलं. आबा खालून एवढंच ओरडले, "जेवत जा गो येळेवर!" महाडच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली, ठाण्यात मावशीकडं राहून नोकरी करायला निघालेली मुलगी, आणि बाप तिला सांगतो काय, तर जेव. मला तेव्हा हसू आलं होतं.

हे मी लिहितेय ते तिकडं राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही. तुम्ही दोघं एकमेकांना फोन करता तेव्हा काय बोलता ते मला पाठ आहे. "काय, कसं काय?" "मजेत. तुमचं?" "आमचं पण मजेत." मग पावसापाण्याची चौकशी, कुणाचं लग्न ठरलं, कोण आजारी आहे, आणि ठेवला फोन. मीही इतकी वर्षं हेच केलं.

आता माझं सगळं ठाण्यात आहे. नवरा, दहावीतली मुलगी सई, चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट, त्याचा ईएमआय, औषधांच्या एका कंपनीत अकाउंट्सची नोकरी. सकाळी लिफ्टमध्ये रोज तीच माणसं भेटतात आणि रोज मोबाईलकडं बघत खाली उतरतात. मी कापड्याची, मला गप्प राहायची सवय नाही. सुरुवातीला मी लिफ्टमध्ये "काय, निघालात का?" असं विचारायची. लोक दचकायचे हो! हळूहळू मीपण मोबाईल काढायला शिकले.

आई गेली त्याला दोन पावसाळे झाले. तेव्हापासून आबा घरात एकटे. आमच्या वाडीत आता निम्म्याहून जास्त घरांना कुलूप आहे, गणपतीला आणि शिमग्याला तेवढी उघडतात. मला ऑफिसात बसल्या बसल्या भलतंसलतं सुचायचं. न्हाणीत घसरले तर? रात्री छातीत कळ आली तर? म्हणून मी नवऱ्याशी बोलून एक बेत केला. आबांना तीन दिवस मुंबई बघायला म्हणून आणायचं, खाऊपिऊ घालायचं, फिरवायचं, आणि त्यांचा जीव रमला की म्हणायचं, आता राहाच. सईची अभ्यासाची खोली रिकामी केली. आबांचे गुडघे दुखतात म्हणून बुटका पलंग घेतला. सई म्हणाली, "मम्मा, हा तर ट्रॅप आहे." मी तिला गप्प केलं, पण ट्रॅपच होता तो.

तुम्हाला वाटेल, आमच्याकडच्या माणसाला मुंबईचं काय नवल? घरटी एक माणूस मुंबईत. पण आबांनी मुंबई खरंच पाहिली नव्हती. दोन्ही काका गिरणगावात गेले, म्हणून शेताला आबा राहिले. पुढं आजी अंथरुणाला खिळली, म्हणून राहिले. मग गुरं, मग आई. लग्नकार्यासाठी ठाण्याला आले तेसुद्धा हॉलवर जेवून त्याच गाडीनं परत. या वेळीही भात झोडून, पेंढा रचून झाल्याशिवाय त्यांनी पाऊल उचललं नाही. आम्ही गाडी घेऊन आणायला गेलो तर अंगणात नवं धोतर नेसून बसलेले. शेजारच्या सखाकाकांना सांगत होते, "तीन दिस जातो आनि येतो. कोंबड्यांवर लक्ष ठेव."

पहिल्या दिवशी गेटवे. आबांनी समुद्राकडं कमी आणि फोटो काढणाऱ्यांकडं जास्त बघितलं. दुसऱ्या दिवशी राणीची बाग. तिथं काचेमागं थंडगार खोलीत पेंग्विन ठेवलेत. सगळी पोरं काचेला नाक लावून किंचाळत होती आणि आबा मागं हात बांधून गंभीरपणे उभे. सईनं त्यांना सांगितलं, हे खूप लांबून आणलेत, बर्फाच्या देशातले आहेत. आबांनी विचार केला आणि तिलाच विचारलं, "ह्यांचं मानूस कोन हाय का हितं?" सई म्हणाली, "हे सगळे एकमेकांचेच आहेत ना, आबा." "मंग बरं हाय," म्हणाले, तेव्हा कुठं हलले.

तिथून जेवायला मी त्यांना थाळीच्या हॉटेलात नेलं. खास बेत होता माझा! भिंतीला लागून लांबलचक बाक, समोर ओळीनं जोडलेली टेबलं, आणि वाढपी सारखे फिरतायत. पाहिजे तेवढं खा. मला वाटलं, आबांना हे आपलं वाटेल. वाटलंही. मांडी घालून बसायला जागा नव्हती एवढीच कुरकुर. वाढप्याला "बाबा, थोडंच वाढ" असं प्रत्येक वेळी म्हणत त्यांनी सगळं खाल्लं, ताकसुद्धा मागून घेतलं. मी मनात म्हटलं, चला, पोट खूश तर माणूस खूश.

आमचं जेवण आटोपलं. बिल झालं, बडीशेप झाली, बाहेर नंबर लावून माणसं उभी. सई उठली, हे उठले, मी उठले. आबा बसलेलेच. उजवा हात ताटावर धरलेला, सुकत चाललेला.

"आबा, चला ना."

"थांब गो. ती पोर जेवतेय अजून."

त्यांच्या शेजारी एक ऑफिसवाली मुलगी होती, एका हातानं मोबाईल बघत निवांत जेवणारी. तिची आमची ओळख ना पाळख. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या गावात पंगतीतून कुणी एकटं उठत नाही. शेवटच्या माणसाचा घास संपेपर्यंत सगळे हात आखडून बसतात. मोठं माणूस उठलं की पंगत उठली. मग मागं राहिलेल्यानं अर्धपोटी उठायचं, नाहीतर हावरट म्हणून बसून राहायचं. म्हणून वयस्क माणसानं तर मुळीच घाई करायची नाही. त्या लांब बाकावर सगळ्यात वयस्क आबाच होते.

ती मुलगी जेवली, पर्स उचलली आणि चालती झाली. आबांकडं बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, सुटलो. तेवढ्यात तिच्या जागेवर एक नवराबायको येऊन बसले, त्यांच्यापुढं ताटं आली. आबांनी पुन्हा हात ताटावर धरला. मॅनेजर येरझाऱ्या घालायला लागला. सई लाजेनं लालेलाल. मी आबांच्या कानाशी वाकून सांगितलं, इथं ज्याचं त्याचं जेवण, ज्यानं त्यानं उठायचं.

"मंग पंगत उठते कवा?"

"उठतच नाही आबा. हॉटेल बंद होईपर्यंत."

ते हसले. पोटभर हसले अगदी, डोळ्यांतनं पाणी आलं. मग हळूच उठले, त्या नवराबायकोला म्हणाले, "तुम्ही सावकाश जेवा हां. आमच्यासाठी घाई करू नका." तो बिचारा घास तोंडात ठेवूनच म्हणाला, "हो काका, हो." बाहेर आल्यावर सईनं आजोबांचा हात धरला. मघाशी लाजत होती, पण गाडीपर्यंत तिनं तो सोडला नाही.

संध्याकाळी चहा घेऊन आम्ही बाल्कनीत बसलो तेव्हा मी विषय काढला. किती दिवस तोंडपाठ केलेलं भाषण होतं, पण सगळं विसरले आणि एवढंच म्हणाले, "आबा, जाऊ नका आता. इथंच राहा."

त्यांना नवल वाटलं नाही. नव्या पलंगाचं प्लॅस्टिक अजून तसंच होतं, त्यावरनं त्यांनी पहिल्याच रात्री सगळं ओळखलं होतं.

"रागावू नको बाय," ते म्हणाले. "वाडीत आता आमी किती उरलो? सखा हाय, त्याची बायको हाय, वरच्या घरची म्हातारी हाय, अजून दोघं-तिघं. सगल्यात मोठा मीच. सखाचा पोरगा कवाचा मागं लागलाय, चल पनवेलला. सखा त्याला काय सांगतो? आबा हायत तवर मी हाय. मी उठलो तर ती बी सगली उठतील गो. अर्ध्या पोटी उठतील."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. सखाकाकांची काळजी आहे आणि माझी नाही? मी कपबश्या उचलल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांना सोडायला निघालो तरी माझं तोंड फुगलेलंच होतं. पेण गेलं, माणगाव गेलं, मी खिडकीबाहेर बघत बसले. हे आणि सई पुढं बसून गाणी लावत होते, आणि आबा माझ्या शेजारी, पिशवी मांडीवर धरून.

महाड आलं तसे आबा एकदम सरळ बसले. "गाडी घ्या आत. तुमी मला मुंबई दाखवलीत, आता मी तुमाला म्हाड दाखवतो." आणि खरंच दाखवलं. स्टँडजवळच्या एका साध्या हॉटेलात नेलं. बाजाराला आले की ते तिथं मिसळ खातात. मालकानं गल्ल्यावरनंच हाक मारली, "आबा, ह्या बाजाराला दिसला नाय?" आबा म्हणाले, "लेकीकडं गेलो होतो." मेनूकार्ड न बघता त्यांनी सगळ्यांसाठी मिसळ सांगितली, सईसाठी तर्री बाजूला ठेवायला सांगितली, आणि मालकानं न मागता शेव जास्त टाकली. मग आम्ही चवदार तळ्यावर गेलो. मी कॉलेजची सगळी वर्षं या तळ्याच्या बाजूनं घाईघाईनं गेले, एस.टी. चुकेल म्हणून. तिथं निवांत बसले ती त्या दिवशीच. लांबच्या गावाहून एक बस आली होती. नऊवारी नेसलेल्या म्हाताऱ्या बायका चप्पल काढून, हात जोडून पाण्याकडं बघत उभ्या होत्या. एकजण नातवाला सांगत होती, "नीट बघून घे. याच्यासाठी आलो आपण."

सई आणि हे फोटो काढायला पलीकडं गेले. आबा आणि मी दोघंच राहिलो. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाय, एक इचारू?"

"विचारा."

"तुला तिथं करमत नाय का गो?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. पगार विचारला, फ्लॅट केवढ्याला घेतला ते विचारलं, सईचे टक्के विचारले. नवरा चांगला आहे माझा, पण हे त्यालाही सुचलं नाही, आणि माझं मलाही नाही. मजेत, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि ते निघेचना. लिफ्टमधली ती माणसं डोळ्यांपुढं आली. संध्याकाळी मी कुलूप उघडून घरात शिरते तेव्हा सई क्लासला आणि हे ऑफिसात, मग मी टीव्ही लावते, बघायला नाही, आवाज असावा म्हणून, ते आठवलं. आणि ठाण्यात गेल्यापासून जी बोली मी धुऊन पुसून ठेवली होती, तीच तोंडातनं बाहेर आली.

"नाय करमत, आबा."

आणि मी रडले. तळ्याच्या पायऱ्यांवर, भर दुपारी, चारचौघांत, लहान पोरीसारखी रडले. आबांनी डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "मंग असं बोल ना गो. मला मुंबई कशाला दाखवत बसलीस?"

तर तुम्ही जे मागं आहात आणि तुम्ही जे निघून आलात, तुम्हाला मी शहाणपण काय शिकवू? मी काही नोकरी सोडून कापड्याला गेले नाही. जाणारही नाही. सईचं शिक्षण आहे, ईएमआय आहे, आणि आता मला डोंगराचा चढसुद्धा झेपत नाही. मात्र आता आठवड्याला फोन करते तेव्हा पावसापाण्याचं आधी बोलत नाही. आबा विचारतात, "काय गो, कसं?" आणि मी खरं ते सांगते. कधी बरं असतं, कधी नसतं. ते ऐकतात. उपाय त्यांच्याकडं नाही, माझ्याकडंही नाही.

माझं राहणं ठाण्यात, आधार कार्डावरचा पत्ता ठाण्याचा, मरण आलं तर तेही बहुतेक तिथंच येईल. पण करमत नाही असं ज्याला सांगता येतं ते माणूस कापड्यात आहे, म्हणून माझं घर कापड्यात आहे. आबा आहेत तोवर. पुढचं मला माहीत नाही, आणि त्याची मला फार भीती वाटते.