दोन नावांची होडी

आमच्या चष्म्याच्या दुकानात वहिनींना सगळेच वहिनी म्हणतात. मालक म्हणतात, त्यांच्या वडिलांच्या वयाची गिऱ्हाइकं म्हणतात, मीही म्हणतो. खरं तर त्या एकाच माणसाच्या वहिनी, काउंटरवर बसणाऱ्या बाईंच्या. त्या बाई म्हणजे त्यांची नणंद. वहिनी त्यांना वन्सं म्हणतात, पण तो शब्द दुकानात आणखी कोणी उचलला नाही. तशी कोणाची जीभ धजली नाही.

वन्सं पुढे बसून फ्रेमा विकतात. वहिनी मागच्या खोलीत यंत्रावर काचा घासतात, आणि त्याच खोलीच्या दुसऱ्या टोकाला मी तुटक्या दांड्या जोडत, बारीक स्क्रू पिळत बसलेला असतो. दोन खोल्यांमधल्या भिंतीत एक छोटी खिडकी आहे. वन्सं तिथून फ्रेम आणि नंबराची चिठ्ठी आत सरकवतात, वहिनी काच बसवून चष्मा बाहेर सरकवतात. बरीच वर्षं त्या दोघींचं बोलणं त्या खिडकीपुरतंच होतं. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून शब्दाला शब्द लागला होता. त्याला भांडण म्हणता येणार नाही. भांडणात निदान आवाज तरी चढतो. इथं नुसतं "झालं?" आणि "झालं."

मग वन्संच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या घरी पडून राहिल्या. त्यांच्या मुलीनं आईला विरंगुळा म्हणून फोनवर एक खेळ घालून दिला. त्यात एक मोठी नदी असते. आपण फळी फळी जोडून होडी बांधायची, या काठावरची माणसं आणि सामान त्या काठाला न्यायचं. पण होडी हाकायला दोघं लागतात, एक सुकाणूवर आणि एक वल्ह्यावर. मुलीला नोकरी. तिनं मामाला विचारलं. मामा म्हणजे वहिनींचे यजमान, नळाची कामं करणारे. ते म्हणाले, "माझी बोटं पान्याला सरावलेली. तुझ्या मामीला सांगतो."

वहिनींनी मला हे सांगितलं तेव्हा त्या हसत होत्या. "नाही म्हणणार होते हो. पण नाही म्हटलं असतं तर तेही वर्षभर ऐकावं लागलं असतं."

पहिले काही दिवस दोघी नुसत्याच आदळत होत्या. वन्सं सुकाणू डावीकडे घेणार, वहिनी वल्हं उलट मारणार, होडी गोल गोल फिरणार आणि वरचे प्रवासी बदाबदा पाण्यात. खेळात माईक असतो, एकमेकींचं ऐकू येतं. होडी हाकायची तर बोलावं लागतं. "जरा थांबा." "आता मारा." "अहो, खडक आहे!" असं करता करता एक दिवस वन्संनी मधेच विचारलं, "वहिनी, आईला शेवटी शेवटी झोप लागायची का हो?" वहिनींनी वल्हं थांबवलं. होडी प्रवाहाबरोबर वाहत राहिली. वहिनींनी सगळं सांगितलं, जसं होतं तसं. सात वर्षांत जे खिडकीतून सरकलं नव्हतं, ते त्या संध्याकाळी नदीत पार पडलं.

वन्सं बऱ्या होऊन कामावर आल्या तरी खेळ चालू राहिला. संध्याकाळी जेवणाआधी थोडा वेळ दोघी नदीवर. होडीचं रूप पालटत गेलं. वहिनींनी तिच्या डाव्या कडेला फुलांच्या कुंड्यांची रांग मांडली. वजनामुळे होडी जरा डावीकडे ओढायची, पण वन्संना त्याची सवय झाली. धक्क्यावर रोजची माणसं भेटायची: एक निवृत्त नकाशे काढणारा, एक परिचारिका, एक जोडपं जे खेळातही एकमेकांवर रुसायचं. दुकानात दुपारचे डबे आता एकाच टेबलावर उघडायला लागले. मालकांनी मला हळूच विचारलं, "यांचं काय झालं?" मी म्हटलं, "होडी घेतली त्यांनी." ते माझ्याकडे बघतच राहिले.

त्या खेळात आधी टोप्या विकायला आल्या. होडीवाल्यांना घालायच्या रंगीत टोप्या. वन्संनी एक घेतली. मग आल्या बंद पेट्या. पैसे भरून पेटी उघडायची, आत काय निघेल ते आपलं नशीब. वहिनी म्हणाल्या, "ही लॉटरीच आहे, नुसती वेष्टन बदललेली." नकाशेवाल्या आजोबांच्या नातवानं आजोबांच्या कार्डावरून अशा पेट्या उघडल्या आणि घरात बरंच रामायण झालं. तरी माणसं कुरकुरत खेळत राहिली.

आणि मग कंपनीची मोठी घोषणा आली. यापुढे खेळातली प्रत्येक होडी म्हणजे एक एनएफटी. तिचा एकमेव डिजिटल दाखला मालकाच्या नावावर राहणार, ती बाजारात विकता येणार, आणि व्यवहार कंपनीच्या स्वतःच्या क्रिप्टो नाण्यात होणार. खेळा आणि कमवा, असं लिहिलं होतं.

डब्याच्या वेळी वन्सं हरखल्या होत्या. "म्हणजे इतके दिवस आपण फुकट राबलो, आता त्याला मोल आलं."

"राबलो कुठे? खेळलो," वहिनी म्हणाल्या. "आणि उद्या कंपनीनं खेळच बंद केला तर तो दाखला घेऊन होडी चालवायची कुठे? बादलीत?"

"तुमचं नेहमीचंच. आधी शंका."

"शंका नाही वन्सं, विचारतेय."

खरी अडचण निराळीच निघाली. दाखल्यावर नाव एकच बसत होतं. खेळात आजवर होडी दोघींची होती, कोणी विचारलं नव्हतं. आता एकीनं मालक व्हायचं आणि दुसरीनं तिच्या हाताखालची. वहिनी म्हणाल्या, "घाला तुमचं. खातं तुमच्या फोनवरूनच सुरू झालंय." त्यांनी ते अगदी सहज म्हटलं. पण त्या दिवशी यंत्रावर त्यांनी एक काच जास्त घासली आणि ती फ्रेममधून निसटली. वहिनींच्या हातून असं सहसा होत नाही.

नदीवर हळूहळू अनोळखी माणसं वाढली. त्यांच्या होड्या मोठ्या, विकत घेतलेल्या. ती कोणाशी बोलत नसत, फक्त फेऱ्या मारत, कारण फेरीमागे नाणी मिळत. रोजच्या लोकांना प्रवासी मिळेनात. ते रुसणारं जोडपं एकदा म्हणालं, "आता रुसायलाही निवांत जागा उरली नाही." परिचारिकेला कोणी तरी मदत करतो सांगून एक लिंक पाठवली, तिनं ती दाबली आणि तिची नाणी, होडी, सगळं गेलं. कंपनी म्हणाली, व्यवहार पक्का झाला, आता तो मागे फिरवता येत नाही.

एका संध्याकाळी वहिनींनी खेळ उघडला तर धक्क्यावर त्यांची होडी होती, पण सुकाणूवर आणि वल्ह्यावर भलतेच कोणी उभे होते. कुंड्या तशाच होत्या. वन्संचा पत्ता नव्हता.

वहिनींनी वन्संना फोन केला नाही. दुसऱ्या कोणी केला असता. त्या धक्क्यावर प्रवाशांच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि आपल्याच होडीत प्रवासी म्हणून बसल्या. मधल्या प्रवाहात त्यांनी माईक लावला.

"नवीन घेतलीत का होडी?"

सुकाणूवरून एक तरुण, थकलेला आवाज आला. "माझी नाही. मी कामावर आहे."

"कामावर म्हणजे?"

"साहेबांनी पुष्कळ होड्या घेतल्यात. आम्ही पाळीपाळीनं चालवतो. फेऱ्या मोजून पगार." जरा थांबून तो म्हणाला, "बोलत बसलो तर फेऱ्या कमी पडतात."

"बरं, नाही बोलत."

थोडं अंतर गेल्यावर त्यानंच विचारलं, "तुम्हाला माहीत आहे का, ही सारखी डावीकडे का ओढते?"

"त्या कुंड्यांमुळे. काढून टाका, सरळ जाईल."

"काढू?" त्याचा आवाज जरा बदलला. "चांगल्या दिसतात."

"मग सुकाणू किंचित उजवीकडे धरून ठेवा. सवय होते."

पलीकडच्या काठावर त्या उतरल्या. तो लगेच वळून परत गेला.

दुसऱ्या दिवशी वन्सं खिडकीशी येईनात. चिठ्ठ्या मालकांच्या हातून आत येत होत्या. डब्याची वेळ झाली तेव्हा वहिनी आपला डबा घेऊन पुढच्या खोलीत गेल्या. मीही मागोमाग गेलो, कारण मला राहवेना.

वन्संनी मान वर केली नाही. "चांगला भाव आला होता. तुम्हाला सांगणार होते. म्हटलं, आधी पैसे हातात येऊ देत, मग अर्धे देईन."

"अर्ध्याचं मी काय करू?"

"मग चिडा तरी."

"चिडले होते," वहिनी म्हणाल्या. "काल होडीत बसून आले. तिथं एक पोरगा कामाला लावलाय. आपण ज्यासाठी संध्याकाळची वाट बघतो, ते त्याला मुकाट्यानं फेऱ्या मोजत करावं लागतं. मग चिडायचं कोणावर तेच कळेना." त्यांनी डबा उघडला. "जेवा आता."

वन्सं जेवल्या, पण अर्धाच डबा. हात धुताना एवढंच म्हणाल्या, "त्याचा आवाज कसा होता?"

"दमलेला."

पुढच्या आठवड्यात कंपनीनं खेळणाऱ्यांशी बोलायला एक खुली बैठक ठेवली, फोनवरूनच ऐकायची आणि बोलायची. कंपनीतर्फे एक बाई होती, नम्र आणि तयारीची. शेकडो माणसं होती. काहींनी शिव्या घातल्या, काहींनी आकडे मांडले, एकानं या नाण्यांपायी वीज किती जळते ते विचारलं. वहिनींचा नंबर आला तेव्हा त्या दुकानाच्या मागच्या खोलीत, यंत्र बंद करून बसल्या होत्या. वन्सं शेजारच्या स्टुलावर होत्या.

वहिनी म्हणाल्या, "मी दिवसभर काम करते. काम मला आवडतं, त्याचा पगारही मिळतो. संध्याकाळी मी तुमच्याकडे येते ते काम संपवून. तुम्ही तिथंही मला कामावर घेतलंत. टोप्या विका, मी घेईन. खेळाचे पैसे मागा, देईन. तुमचीही पोटं आहेत. पण मी कोणाशेजारी वल्हं मारते त्याला भाव लावू नका. आणि होडीवर दोन नावं बसू द्या."

बाई म्हणाली, "तुमचं म्हणणं नोंदवून घेतलंय." हे तिनं सगळ्यांनाच म्हटलं.

वहिनींच्या बोलण्यानं आभाळ कोसळलं असं काही नाही. पण रोजच्या माणसांनी टोप्या आणि पेट्या घेणं थांबवलं, पुष्कळांनी येणंच सोडलं, आणि ज्या होड्या विकत घेतल्या होत्या त्यांना नवीन गिऱ्हाईक मिळेना. विकणारे सगळे, घेणारा कोणी नाही, असा बाजार किती दिवस टिकणार? नाण्याची किंमत घसरत गेली. शेवटी कंपनीनं दाखल्याच्या होड्या एका वेगळ्या नदीत नेल्या, जुनी नदी जुन्यासारखी मोकळी केली, आणि त्यासाठी दर महिन्याला थोडी वर्गणी ठेवली. ज्यांनी होड्या विकल्या होत्या त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार होती.

वन्संनी आपली नाणी बदलून घेतलीच नव्हती, भाव आणखी चढेल म्हणून. आता त्यांत दोघींचा चहासुद्धा झाला नसता. त्यांनी ते स्वतःच सांगितलं. "लोभ केला, आणि हात चोळत बसले," म्हणाल्या. मालक बोलणार होते, पण वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं.

त्या वेगळ्या नदीत वहिनी एकदा गेल्या होत्या, त्या पोराचं काय झालं ते बघायला. काठाला रिकाम्या होड्या ओळीनं लागलेल्या. कुंड्यांची होडीही दिसली, पण तिच्यावर कोणी नव्हतं. तो दुसऱ्या कामाला लागला की घरी बसला, कळायला मार्ग नव्हता. वहिनींना त्याचं नावही माहीत नव्हतं. "त्याला बरं झालं की वाईट, कोण जाणे," इतकंच एकदा म्हणाल्या.

नव्यानं सुरुवात म्हणजे चार ओंडक्यांचा तराफा. तो एकाच प्रवाशानं बुडतो. दोघींनी तो वन्संच्या घरी, सोफ्यावर शेजारी शेजारी बसून बांधला. नावाच्या रकान्यात आता दोन जागा होत्या. वन्संनी आधी वहिनींचं नाव घातलं. वहिनी म्हणाल्या, "अहो, खातं तुमचं." वन्सं म्हणाल्या, "गप्प बसा, टाकलंय."

यावेळी वन्सं वल्ह्यावर आणि वहिनी सुकाणूवर आहेत. वहिनींना वळण वेळेवर घेता येत नाही, त्यामुळे पुन्हा प्रवासी पाण्यात पडायला लागलेत. नकाशेवाले आजोबा सोडले तर त्यांच्या तराफ्यात बसायला कोणी तयार नसतं. आजोबा रोज बसतात, रोज भिजतात आणि दोघींना नदीतले खडक कुठे आहेत ते समजावून सांगतात.