समईचं तेल आणि लेकाचा अर्ज

देवापुढे बसून मी माझ्याच लेकाचं वाईट मागत होते. हे लिहिताना आजही लाज वाटते. नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. भाईंदर पश्चिमेला दोन खोल्यांत आम्ही मायलेक दोघंच. हे जाऊन सहा वर्षं झाली होती. लेकाच्या डोक्यात एकच खूळ, हवाई दलात पायलट व्हायचं. गणित-फिजिक्स पक्कं, नजर उत्तम, पहाटे उठून पळायचा. वयाच्या अटीत बसणारी ती शेवटचीच संधी होती. आणि मी रोज दत्त महाराजांना विनवायची, "माझं एवढं एकच आहे, त्याला तिकडे नेऊ नका."

अर्ज भरून त्याने माझ्या हातात दिला. "आई, महाराजांपुढे ठेव. उद्या शेवटचा दिवस, रजिस्टरने टाकू," म्हणाला आणि कॉलेजला गेला. पूजा करताना माझा पदर अडकून समई कलली. हात पुढे केला असता तर सावरली असती. मी नाही केला. तेल अर्जावर पसरत गेलं आणि मी बघत बसले. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं मला.

पण आरतीला उठले तर तसबिरीकडे मान वर होईना. कसली मेली आई मी! तशीच तो कागद घेऊन स्टेशनजवळच्या टायपिंगवाल्याकडे गेले. "आज नहीं होगा, कल आओ," तो म्हणाला. बाकावर जवळच्या उत्तन गावचे एक म्हातारे बसले होते, गळ्यात क्रूस. हवाई दलात मेकॅनिक होते म्हणे. त्यांनी रांगेतला आपला नंबर मला दिला आणि अर्ज वाचायला घेतला.

"बाय, ह्यो घोडेस्वारी करतो?"

"कुठली हो! मित्राने सांगितलं, छाप पडते."

"काढून टाक. तिथं सगळीच हुशार पोरं येतात. खोदून खोदून विचारतात, खोटं लगेच सापडतं. खरं काय करतो ते लिव." मग पालकाच्या सहीच्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "तुजी मर्जी हाय का न्हाय?"

मला रडूच कोसळलं. नवा अर्ज टाइप होऊन हातात आला, तेव्हा त्यांनी पेन पुढे धरलं. मी सही केली. ते कोण, त्याच दिवशी तिथे कसे, मी विचारलं नाही. लेकाला समई कलली एवढंच सांगितलं; त्याने नव्या अर्जावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी टाकला.

लेकाला बोलावणं आलं. मुलाखत चांगली झाली, पण हातापायांनी यंत्र सांभाळायच्या चाचणीत तो नापास झाला. ही चाचणी जन्मात एकदाच देता येते. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडला, अन्नाला शिवेना. मी मागितलेलं मला मिळालं होतं, आणि ते बघवत नव्हतं.

चौथ्या दिवशी मी त्याला तेलाचं सगळं सांगून टाकलं. तो उठून बसला.

"पण अर्ज परत तूच करून आणलास ना?"

"हो रे."

"मग वाढ. भूक लागलीय."

त्या दिवशी भात वाढताना मला कळलं, महाराजांनी नकार दिला, पण माझ्या हातून नाही दिला. तो अर्ज गेलाच नसता तर या लेकाला मी कुठल्या तोंडाने जेवायला वाढलं असतं? तेव्हापासून त्याच्यासाठी मी काही मागत नाही. हात जोडते आणि गप्प बसते.