कळल्याची तारीख

आमच्या मावशीच्या यजमानांइतकं तारखांवर प्रेम करणारा माणूस बारामतीपासून इंदापुरापर्यंत दुसरा झाला नसेल. नव्वदच्या दशकात हे आमचे काका इंदापूरला एका वकिलांकडे कारकून होते आणि बारामतीहून रोज एसटीने जात. कुठलीही बातमी सांगा, त्यांचा पहिला प्रश्न, "कळलं कधी?" मावशीच्या हातून लोणच्याची बरणी फुटली आणि तिने ते दिवाळीपर्यंत दडवलं, तेव्हा काका गंभीरपणे म्हणाले, "लपवलेले दिवस धरायचे नसतात. माझी रागवायची मुदत आजपासून सुरू." आणि खरोखरच त्या दिवसापासून मोजून तीन दिवस रागावले.

पण याच वेडापायी निमगाव केतकीच्या एका बाईंची जमीन वाचली. विहिरीवर वीज घ्यायचीय असं सांगून भावाने त्यांचा अंगठा घेतला होता. कागद निघाला वडिलांच्या जमिनीवरच्या हक्कसोडीचा. वर दर दिवाळीला 'तुझा वाटा' म्हणून तो ज्वारीचं पोतं पाठवायचा, त्यामुळे बाईंना पंधरा वर्षं शंकाच आली नाही. सगळे म्हणत, दाव्याची मुदत केव्हाच संपली. काका म्हणाले, "पोत्याखाली झाकलं होतं ना? मग कपट कळल्यापासून तीन वर्षं धरायची."

"मग गेल्या म्हयन्यात कळलं असं लिवा, तात्या," बाई काकांना म्हणाल्या.

"ताई, खरं सांगा."

शेवटी बाईंनी सांगितलं, "भाचीच्या हळदीत कळलं. पर बोलले न्हाय. म्हायेर तुटंल म्हनून."

काकांनी भाचीची लग्नपत्रिका मागवली. तीन वर्षं भरायला नऊ दिवस उरले होते. खोटी तारीख लिहायला त्यांनी साफ नकार दिला, तहानभूक विसरून कागद जमवले आणि आठव्या दिवशी दावा दाखल झाला.

निकालाला मी त्यांच्यासोबत होतो. बाईंना हिस्सा मिळाला. भाऊ कोर्टाच्या फाटकापाशी एकटाच उभा होता. बाई म्हणाल्या, "तात्या, त्यो सकाळधरनं उपाशी हाय. तेवढा च्या पाजा त्याला." काका स्वतः ग्लास घेऊन गेले. भावाने तोंड फिरवलं. काकांनी टपरीमागे चहा ओतला आणि रिकामा ग्लास बाईंना दाखवत म्हणाले, "प्याला बरं का, ताई."

बाईंना केवढं बरं वाटलं! काकांना खोटं बोलताना मी तेवढं एकदाच पाहिलं. आता काका नाहीत, बाईही नाहीत. त्या होत्या तोवर मी हे कुणाजवळ बोललो नाही.