दुसऱ्या खुंटीवरचा गोल

आमच्या वाल्देकोर्सात कुणी चुकून भलत्याच दाराची कडी वाजवली, तर आतून विचारतात, "कोण, बाऊदिलिओ का?" आताच्या पोरांना यामागचं कारण ठाऊक नाही, पण बोलणं त्यांच्याही तोंडी आहे.

बाऊदिलिओ तेखेरिना हा गवंडी. गिलावा असा करायचा की भिंतीवरून हात फिरवावासा वाटे. रविवारी मात्र तो क्लबच्या मैदानावर, उत्तरेकडच्या गोलमागे, फळ्यांच्या माचीवर उभा असे. त्याच वेळी दुसऱ्या गावांत चाललेल्या सामन्यांचे आकडे तिथल्या मोठ्या फलकावर लागत. फलकावर गावांची नावं नसत, जाहिराती असत: अनिसची दारू, चॉकलेट, टोप्यांचं दुकान. कुठली जाहिरात म्हणजे कुठला सामना, हे दर रविवारी बदले, आणि ते कळायला दारावर मिळणारा छापील कागद हातात लागे. माचीवरच्या खोपटात टेलिफोन होता. तो वाजला की बाऊदिलिओ पत्र्याचा आकडा खुंटीला अडकवायचा. अकरा वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

मग १९६८ सालच्या मोसमातला शेवटचा रविवार आला. आमचा सामना शून्य-शून्य होता. तिकडे कास्त्रोलार जिंकलं नाही तर आम्हाला एवढी बरोबरी पुरे होती. जिंकलं तर आम्ही खालच्या गटात जाणार होतो. बारा मिनिटं उरली असताना बाऊदिलिओनं चॉकलेटखाली एकचा आकडा लावला. आमच्या कागदावर कास्त्रोलार म्हणजे अनिस, आणि अनिसखाली शून्यच होतं. खेळाडू निवांतपणे चेंडू आपापसांत फिरवत राहिले. बाऊदिलिओ वरून दोन्ही हात हलवत होता. आम्हीही त्याला हात हलवून दाखवले. शिट्टी वाजली तेव्हा टोप्या उडाल्या. खरं काय ते अर्ध्या तासानं कळलं. गोल कास्त्रोलारचाच होता.

त्याच संध्याकाळी बाऊदिलिओ आपल्या पायांनी बारमध्ये आला आणि म्हणाला, "खुंटी चुकली." दुसऱ्या दिवशी त्याच्या खिडकीची काच फुटली. फलकाचं काम गेलं. क्लबला पुन्हा वर यायला एकोणीस वर्षं लागली.

१९९९ साली क्लबला पंचाहत्तर वर्षं झाली आणि इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी त्याच वर्षी शाळेतून निवृत्त झालो होतो. बाकी सगळं पटापट लिहून झालं. त्या एका रविवारपाशी लेखणी अडली. मला ते हात हलवणं आठवत होतं. खुंटी चुकल्याचं ज्याला कळलं, तो माणूस हात कशाला हलवेल, आकडाच नाही का हलवणार? मग क्लबच्या दिवंगत चिटणीसाच्या कागदांत मला छापखान्याला आणि बाऊदिलिओला दिलेल्या त्या आठवड्याच्या यादीची कार्बन प्रत सापडली. तीत कास्त्रोलारपुढे चॉकलेट लिहिलं होतं. छापील कागदावर दोन ओळींची अदलाबदल झाली होती.

दोन्ही कागद घेऊन मी बाऊदिलिओकडे गेलो. आता तो पासष्ट वर्षांचा होता. त्याची बायको विसितासिओन स्वयंपाकघरात कॉफी करत होती. मी कागद टेबलावर ठेवले.

"बाऊदिलिओ, खुंटी बरोबर होती."

त्यानं कागद पाहिले, मग स्वयंपाकघराकडे पाहिलं. "मास्तर, हळू बोला. पुस्तकात काय लिहिलंत?"

"अजून काहीच नाही."

"खुंटी चुकली, असं लिहा. माझं नाव घालून. मला चालतं."

"मला नाही चालत. लोक तुला काय काय बोलतात."

"बोलू देत की. न्हावी अजून विचारतो, 'काल स्वतःच्याच घरी गेलास ना रे?' मी म्हणतो, 'तुझ्या बायकोला विचार.'"

"पण का?"

त्यानं छापील कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे छापखान्याचं नाव होतं. छापखाना विसितासिओनच्या वडिलांचा. त्या वसंतात ते अंथरुणाला खिळले होते, आणि सव्वीस वर्षांची विसितासिओन एकटी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून कागद काढत होती. सप्टेंबरात दोघांचं लग्न ठरलं होतं. हे सगळं मला माहीत होतं, तरी मी दोन्ही गोष्टी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

"माझी नुसती काच फुटली," तो म्हणाला. "छापखान्याला आग लावली असती त्यांनी. आणि हिला सांगितलं असतं तर हीच बारमध्ये जाऊन ओरडून आली असती. ओळखता ना तुम्ही. तेव्हा राहिलं ते राहिलंच. आता हिच्या म्हातारपणी कशाला?"

विसितासिओन ट्रे घेऊन बाहेर आली. त्यानं झटकन कागद माझ्याकडे सरकवले. ती टेबलाच्या पलीकडे उभी, म्हणजे तिच्या बाजूनं अक्षरं उलटी होती. पण खिळे जुळवणाऱ्यांचा जन्म उलटी अक्षरं वाचण्यातच जातो. तिनं ट्रे खाली ठेवला.

"हे माझं काम आहे," ती म्हणाली. "यातल्या एका खिळ्याची टांग मोडली होती. हे बघा, इथे." मग तिनं दुसरा कागद वाचला. पुन्हा पहिला वाचला. 

"बाऊदी, तुला हे माहीत होतं?"

"कॉफी ओत, विसी."

"लग्नात मी तुला म्हणाले होते, अंगठी बरोबर बोटात घाल हं. सगळं चर्च हसलं होतं."

"गंमत होती ती."

"तूही हसलास!"

"मग काय रडू?"

ती माझ्याकडे वळली. "मास्तर, लिहा. विसितासिओन ओर्दास, वडिलांच्या छापखान्यात, दोन ओळी उलट्या लावल्या. नाव पूर्ण लिहा."

"अगं, लोक..."

"येऊ देत लोक. आता काचा दुहेरी आहेत."

"एकतीस वर्षं सांभाळलं मी," बाऊदिलिओ मला म्हणाला, "आणि कॉफी निवायच्या आत गेलं."

"तेव्हाच सांगायचंस," ती म्हणाली. "पुढच्या रविवारच्या कागदावर दुरुस्ती छापली असती मी."

"पुढच्या रविवारी सामना नव्हता, विसी. मोसम संपला होता."

तेव्हा कुठे ती खुर्चीवर बसली. मी वही उघडली आणि तिनं सांगितलं तसं, शब्द न बदलता, उतरवून घेतलं. पुस्तकात ते तसंच आहे, पान त्रेसष्ट. बाऊदिलिओ तोवर खिडकीकडे तोंड करून बसला होता. तो चिडला होता की मोकळा झाला होता, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.