सगुणाबाईंच्या मुठीतली बाही

सगुणाबाईंना मी प्रथम पाहिलं ते कात्रपच्या भाजीबाजारात. एका हातात पिशवी, दुसऱ्या मुठीत नवऱ्याच्या सदऱ्याची बाही. मेथी निवडतानाही त्यांनी ती सोडली नाही. भाजीवाली म्हणाली, "मावशी, पळून जातायत का काका?" त्या हसल्या नाहीत.

पुढे आम्ही शेजारी झालो, तेव्हा कारण कळलं. त्यांचे यजमान भगवंतराव अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि हळूहळू सगळं विसरत चालले होते. दोनदा घरातून निघून गेले होते. तरुणपणी ते गावच्या जत्रेत नाटकात काम करायचे.

"बाई, यांना एकदा नाटक दाखवायचंय," एक दिवस सगुणाबाई म्हणाल्या. "अजून हसू येतंय तोवर."

महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीला आम्ही तिघं निघालो. अंबरनाथचं शिवमंदिर पाहताना त्या कोरीव मूर्तींकडे कमी आणि पायऱ्यांकडे जास्त बघत होत्या. उल्हासनगरला दाल-पकवान खाल्लं, तेही त्यांनी एकाच हातानं. भगवंतराव मात्र खुशीत होते. संध्याकाळी नाट्यगृहात तर पहिला अंकभर खळखळून हसले. अंधारात सगुणाबाई रंगमंचाकडे न पाहता त्या हसण्याकडे कान लावून बसल्या होत्या.

मध्यंतरात बाहेर चहाला गर्दी. तीन ग्लास एका हातात मावेनात, म्हणून त्यांनी बाही सोडली. वळून पाहिलं तर भगवंतराव नाहीत.

"अहो!" त्यांनी हाक मारली. चार-पाच पुरुष वळले. एक बाई म्हणाली, "काकू, तुमच्या हाकेला माझाच नवरा ओ देतोय." सगुणाबाईंच्या हातातला चहा सांडत होता.

मी भगवंतरावांना नावानं हाका मारल्या. माझा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता.

"सगुणाबाई, तुम्ही मारा हाक. नावानं."

"नको बाई. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं. सासूबाई सांगायच्या." ओठ पांढरे पडले होते. लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांनी ते नाव तोंडातून काढलं नव्हतं.

तेवढ्यात फाटकापाशी ते दिसले. समोर रस्ता होता आणि एक टँकर वेगात येत होता. त्यांचा एक पाय फुटपाथखाली उतरला.

"भगवंता!"

एवढा मोठा आवाज त्या कृश बाईत कुठून आला कोण जाणे. भगवंतराव थबकले, पाय मागे घेत वळले आणि शाळकरी मुलासारखे म्हणाले, "आलो गं आये."

टँकर निघून गेला. सगुणाबाईंनी बाही धरली. दुसरा अंक आम्ही पाहिला नाही. घरी पोचेपर्यंत त्या एकच विचारत होत्या, "बाई, काही होणार नाही ना यांना?"

आता 'अहो' म्हटलेलं भगवंतरावांना कळत नाही. दिवेलागणीला सगुणाबाई देवापुढे हात जोडतात, मग दारात येऊन त्यांना नावानं हाक मारतात, आणि ते जेवायला येतात.