तात्यांनी वाचायचे, पोराने अर्थ सांगायचा

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेले नाही आणि मीही अजून पदवीधर झालेलो नाही. अशा माणसाने आठवणी लिहाव्यात की नाही, याची मलाच खात्री वाटत नाही. पण त्या दोन महिन्यांत माझ्या वडिलांनी जे केले ते दुसरे कोणी लिहून ठेवणार नाही, म्हणून धीर करतो.

थोरल्या भावाचा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. सणसरला आमच्या उसात जनावरांसाठी वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करताना उसाचे पाते त्याच्या डाव्या डोळ्यात गेले. दोन दिवस घरचेच उपाय झाले. तिसऱ्या दिवशी बारामतीला डॉक्टरांकडे नेले, तेव्हा बुबुळावर जखम निघाली. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली आणि बजावले की पोराने उताणे पडून राहायचे, डोळा चोळायचा नाही, मुख्य म्हणजे रडायचे नाही. हे पाळले तर डोळा वाचेल, नाही तर जखमेचे पांढरे फूल बुबुळभर पसरेल आणि नजर जाईल.

घडीभर एका जागी न बसणारे पोर ते. पहिल्याच दिवशी त्याने दोनदा पट्टी ओढली. मग ठरले की त्याला काहीतरी वाचून दाखवायचे. मी पुण्यात शिकत होतो. शनिवारी दौंडला गाडी बदलून छोट्या गाडीने बारामतीला उतरायचे आणि पुढे एस.टी.ने घरी यायचे, असे चाले. त्यामुळे पुस्तके आणायचे काम माझ्याकडे आले आणि वाचायचे वडिलांकडे. त्यांना सगळे घर तात्याच म्हणते. तात्या चाळिशी उलटल्यावर प्रौढांच्या वर्गात अक्षरे शिकले. ओळीवर बोट ठेवून, एकेक शब्द जुळवत वाचायचे.

पहिले पुस्तक मी पुण्यातून आणले. एका गरीब, गुणी मुलाची गोष्ट. मुलाने काही बोध घ्यावा, असा माझा विचार. खरे सांगायचे तर मी ते वाचलेच नव्हते, पहिली चार पाने चाळून उचलले होते.

पुढच्या शनिवारी घरी पोचलो तर वहिनी उंबऱ्यातच उभ्या.

"भावजी, तुमच्या पुस्तकातली आई मेली. पोर हुंदकं देऊन रडलं. पट्टी वली झाली. डाक्टर म्हनला, फूल वाढलंय."

"मग तात्यांनी वाचन थांबवलं नाही?"

आतून तात्यांचा आवाज आला. "अध्याय निम्म्यात सोडत्यात व्हय? पोथी निम्म्यात ठिवली तर देव काय म्हनंल?"

"त्ये पोथी न्हाय, गोष्टीचं पुस्तक हाय," वहिनी म्हणाल्या.

"छापल्यालं हाय न्हवं?"

तात्यांच्या लेखी छापलेले सगळे सारख्याच मानाचे होते. चूक त्यांची नव्हती, न वाचता पुस्तक निवडणाऱ्याची होती.

सोमवारी सकाळी परतताना बारामतीच्या वाचनालयात गेलो आणि तीन पुस्तके काढून टेबलावर ठेवली. तिथल्या वयस्कर ग्रंथपालांनी मुलाचे वय विचारले, डोळ्याचे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "आणि वाचणार कोण?"

मी जरा घुटमळलो. "वडील. उशिरा शिकलेत."

त्यांनी माझी तिन्ही पुस्तके बाजूला सारली. आत जाऊन मोठ्या टायपाचे एक जुने पुस्तक आणले. एक नावाडी नदीने खाली खाली जातो, दर प्रकरणात नवे गाव लागते. प्रकरणे दोन-दोन पानांची. "यात कोणी मरत नाही," ते म्हणाले. "आणि तुमच्या वडिलांना बोट ठेवायला जागा आहे." वाचणाऱ्यासाठीही पुस्तक निवडावे लागते, हे मला तोवर सुचलेच नव्हते. पुढची गाडी चुकवून मी ते तिथेच बसून पुरे वाचले आणि गावच्या माणसाबरोबर घरी धाडले.

त्या आठवड्यात तात्यांनी काय केले ते मी पुढच्या रविवारी पाहिले. हातपाय धुऊन ते बसले, पुस्तक पाटावर ठेवून नमस्कार केला. एक शब्द गाळायचा नाही असा त्यांचा नेम, म्हणून दररोज आधी पहिले पान, छापखान्याच्या पत्त्यासकट, आणि मग पुढचे प्रकरण.

"बुध-वार पेठ, पुणे. सांग अर्थ."

"म्हंजी तितं बुधवारी बाजार भरत आसंल," पोर पडल्या पडल्या म्हणाले.

आमच्या देवळात पोथी लागली की एक जण वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो. तात्यांनी अर्थ सांगायचे काम नातवाला दिले होते. "मला दोनी जमत न्हाय," एवढेच त्यांचे स्पष्टीकरण. वाक्य पुरे होईपर्यंत पोराला आधीचे सगळे शब्द डोक्यात धरून ठेवावे लागत. त्या नादात त्याचे हात छातीवर गप पडून असत. पट्टीकडे एकदाही गेले नाहीत.

तात्या एका शब्दापाशी अडले.

"बैल आडला व्हय, तात्या?"

"आडला. दम धर."

मला राहवले नाही. पुस्तक घेऊन मी एक पान झरझर वाचले. पोर म्हणाले, "काका, तुमी लई पळता. अर्थ सांगाया जागाच न्हाय."

तात्या हसले, पण पुस्तक माझ्याकडून लगेच काढून घेतले. इतकी वर्षे त्यांचे वाचन ऐकताना मला मनातून लाज वाटे. त्या दिवशी मी भिंतीला टेकून बसलो आणि प्रकरण संपेपर्यंत ऐकत राहिलो.

मग माझी परीक्षा आली. तीन आठवडे घरी जाता आले नाही, आणि पट्टी त्याच दिवसांत सुटायची होती. रोज खोलीवर परतलो की आधी टपाल बघायचो. शेवटचा पेपर देऊन आलो, तेव्हा दाराच्या फटीत कार्ड होते. मोठी, वाकडी अक्षरे. तात्यांनी स्वतः लिहिले होते.

"पट्टी सोडली. फूल कडेला राहिलं हाय. डाक्टरनं उजवा डोळा झाकून बोटं दाखवली. पोरानं तीन म्हनून सांगितलं. तीनच व्हती."