घड्याळ थांबवणारी मेम

आमच्या क्वार्टरांच्या लायनीत कुणी गेलं की डॉक्टरच्या आधी मेम पोचायची आणि थेट भिंतीवरचं घड्याळ थांबवायची. तिचा नवरा जबलपूरच्या तोफांच्या कारखान्यात फोरमन होता आणि इथंच पुरला गेला, म्हणून ती मागे राहिली. तिला अंग्रेज म्हटलेलं खपत नसे. "हम आयरिश है," ती ठणकावून सांगायची.

लढाईचे दिवस होते. आजोबा गेले तेव्हा तिनं आमचंही घड्याळ थांबवलं. अंत्ययात्रा निघाल्यावर ते चालू करायचं असतं, पण दुःखात कुणाला सुचलं नाही. सुतक संपल्यावर पहिल्याच दिवशी कारखान्याचा भोंगा वाजला. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं, त्यात अजून पाचच वाजलेले. "आज भोंगाच चुकला," म्हणाले आणि निवांत दुसरा चहा घेतला. कारखान्यात त्यांनी उशिराचं कारण खरंखुरं सांगितलं, म्हणूनच ते कुणाला पटलं नाही.

तिचे नियम कडक होते. आरसा झाकायचा. जीव बाहेर जायला खिडकी उघडायची आणि तो परत येऊ नये म्हणून दोन तासांनी लावून घ्यायची. प्रेताला आंघोळ घालेपर्यंत रडायचं नाही. "अभी नहीं रोना! शैतान का कुत्ता सुनेगा, जान उठा ले जाएगा," असं ती आमच्या आत्यांना दटावायची. आंघोळ झाली की स्वतःच असा टाहो फोडायची की आत्या रडायचं विसरून बघत राहायच्या. आपल्याहून जास्त शिवाशिव, शकुन पाळणारं कुणी भेटलं याचा आईला फार आनंद होता. आमचा कावळा, तिची खिडकी. दोघींचं छान जमलं.

मग ब्रह्मदेशात लढायला गेलेल्या तिच्या एकुलत्या मुलाबद्दल तार आली. बेपत्ता. आता मेम स्वतःचं घड्याळ थांबवणार म्हणून आम्ही सगळे तिच्या दारात जमलो. ती खुर्चीवर चढली आणि तिनं घड्याळाला किल्ली दिली. "बॉडी नहीं, तो घड़ी काहे को रोकेगा?"

पुढं रोज सकाळी, पहिल्या भोंग्याला, ती किल्ली देत राहिली. मला तिचा तेव्हा राग यायचा. रडून मोकळी का होत नाही, असं वाटायचं.

लढाई संपली, मुलगा आला नाही. एका थंडीत मेम तापानं गेली. तिचं करायला आईच होती. तिनं घड्याळ थांबवलं, आरसा झाकला, आत्यांना गप्प बसवलं, खिडकी उघडली. दोन तास झाल्यावर मी आठवण केली, "आई, खिडकी लावायची ना?"

"काहून?" आई म्हणाली. "बाई पोराले शोधून राहिली असंल. नाही सापडला, तं खिडकी लावल्यावर परत कुठून येईल?"